टाचणवहीवरचं कणीस

जून लागला की माझ्या दुकानात मोर यायला लागतात. कुणाच्या फोनमधून येतात, कुणाच्या पेनड्राइव्हमधून येतात, पण येतात पिसारा फुलवूनच. कोणत्याही शिक्षकाला विचारा, टाचणवहीच्या मुखपृष्ठावर काय पाहिजे, तो म्हणणार, "ताई, काहीतरी वेगळं करा." आणि मग फोन पुढं करून मोर दाखवणार. मोराशेजारी कमळ, कमळावर सरस्वती, सरस्वतीच्या पायाशी स्वतःचा फोटो. फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला असतो, खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा हात. तो हात मी कापायचा. चेहरा "जरासा" उजळ करायचा. नावाखाली "उपक्रमशील शिक्षक" घालायचं. सगळं झालं की साहेबी थाटात सांगणार, "पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, बाकी आमी बघून घेतो."

काय बघून घेता? माझं डिझाइन घेऊन दुसऱ्याच्या दुकानात छापता, हे बघून घेता.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षकानं आदल्या दिवशी जिथं टिपून ठेवायचं ती टाचणवही. साहेब तपासणीला आले की पहिली ती मागतात. आतलं वाचायला त्यांना वेळ कुठला? मुखपृष्ठ बघतात, दोन पानं उलटतात, सही ठोकतात. म्हणून एवढा सगळा जीव मुखपृष्ठावर. आणि म्हणून ताडकळसच्या बसस्टँडसमोर, बी-बियाणांच्या दुकानाला चिकटून असलेल्या माझ्या चिंचोळ्या गाळ्यात जूनभर पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला सोयाबीनच्या पिशव्या उचलायला आलेले शेतकरी, दुसऱ्या बाजूला फोनमध्ये मोर घेऊन उभे असलेले गुरुजी. मधे मी, लॅमिनेशनच्या मशीनची धग आणि कायम मान हलवणारा, वारा मात्र न देणारा पंखा.

परवा एक नवे सर आले. नोकरी नुकतीच लागलेली, शर्टाच्या घड्या अजून दुकानातल्याच. म्हणाले, "ताई, मला मोर नको."

मी मान वर केली. या महिन्यात असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

"हे बघा, असं पाहिजे. ग्रुपवर आलंय. नांदेडकडल्या कुण्या सरानं केलंय म्हणं."

फोनवर एक साधं मुखपृष्ठ होतं. चारी कडांना ज्वारीच्या कणसांची झालर, मधे मोकळी पांढरी जागा. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातलं शेवटचं कणीस मात्र अर्धंच भरलेलं. मी चित्र बोटांनी मोठं केलं आणि खाली सरकवलं. जिथं एक बारीक ओळ असायला पाहिजे होती, बरोबर तिथून ते कापलेलं होतं.

"हे माझं हाय," मी म्हणाले.

"असंल की ताई. मग तर लय बेस. जल्दी व्हईल." सर मनापासून खूश झाले. "फकस्त खाली दुकानाचं नाव तेवढं नका टाकू. वही माझी हाय ना."

"वही तुमची हाय, सर. चित्र माझं हाय."

ते हसले. त्यांना वाटलं मी भाव वाढवायला लागलेय. लोकांना माझ्याबद्दल नेहमी असंच वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. परभणीचा कागदवाला मला दारात बघितलं की आधी पंखा लावतो, मग चहा सांगतो, मग कपाळाला हात लावतो. बाई आता उठत नाही हे त्याला माहीत असतं. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, वीज मंडळाच्या माणसाशी मी घासाघीस करते. मला ती येते आणि आवडते. पण काही गोष्टींवर मी एक सूतही खाली येत नाही. मुखपृष्ठाच्या तळाशी जाणारी "मुखपृष्ठ : सत्यभामा" ही ओळ त्यातली पहिली. ती निघत नाही. काढायची असेल तर पलीकडं दुसरं दुकान आहे, तिथं मोर चांगले मिळतात.

सरांना बसायला सांगितलं आणि फाइल शोधायला लागले. शोधता शोधता डोकं तापलं. डोकं तापलं की मला हटकून ओल्या खाकी कागदाचा वास येतो.

तो वास आमच्या वस्तीच्या शाळेचा. जून म्हणजे आमच्याकडं माणसं परत आलेली असण्याचा महिना. दिवाळी झाली की आई-बाप ऊस तोडायला जायचे, मी मावशीजवळ राहायचे, आणि उन्हाळ्यात ते काळे-ठिक्कर होऊन परत यायचे. जूनमध्ये घरात आईचा आवाज असायचा, चुलीवर तिच्या हातची भाकरी असायची, आणि शाळेत लोमटे बाई असायच्या. परभणीहून बसनं यायच्या, फाट्यावर उतरून छत्री उघडायच्या, ऊन असो की आभाळ. खांद्याला पर्स लावलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच. आवाज खणखणीत. कुणाचं पोरगं शाळेत आलं नाही तर थेट रानात जाऊन उभ्या राहायच्या. मलाही त्यांनी असंच एकदा रानातून ओढून आणलं होतं. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर माझा राग सोपा झाला असता.

तेव्हा मुखपृष्ठं छापून मिळत नव्हती. वहीला खाकी कव्हर घालायचं, त्याच्यावर खळीनं चित्रकलेचा पांढरा कागद डकवायचा, आणि वर्गात जिचा हात बरा असेल त्या पोरीला कामाला बसवायचं. प्रत्येक शाळेत अशी एक पोरगी असायची. बाकीची पोरं पाढे म्हणत असताना ती ओट्यावर पालथी पडून बाईंच्या वहीवर नक्षी काढत असायची. चौथीच्या जूनमध्ये आमच्या शाळेतली ती पोरगी मी होते.

"भामे, कमळ काढ," बाई म्हणाल्या.

कमळ मी पाहिलं नव्हतं. आमच्या भागात कमळ फक्त साबणाच्या कागदावर दिसायचं. पण कणीस मला तोंडपाठ होतं. हिवाळाभर मी दुसऱ्याच्या रानात पाखरं राखायला बसायचे, मोडका डबा बडवत. कणसाला किती ठिकाणी बाक येतो, दाणे खाली गच्च आणि टोकाला विरळ कसे होतात, उन्हात पानाची कड पांढरी कशी दिसते, हे सगळं बघण्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. म्हणून मी कणसं काढली. कागदाच्या चारी कडांना, एकाला एक लागून. हिरव्या स्केचपेननं पानं, पिवळ्यानं दाणे, एकेक ठिपका. त्या पेनांना एक कडू-गोड वास यायचा, तो अजून माझ्या नाकात आहे.

शेवटच्या कणसापाशी आले आणि पिवळा पेन वाळला. मी तो हलवला, तळहातावर आपटला, जिभेला लावला. जीभ पिवळी झाली, कागद झाला नाही.

"बाई, पिवळा सरला. दुसरा द्या की."

"राहू दे गं, कोण बघतंय. साहेब यायलेत. आण इकडं."

साहेब आले. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला. "वा! हे कुणी काढलं?"

मी पाण्याच्या पेल्यांचं ताट धरून त्यांच्यासमोर उभी होते. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. हे मी शपथेवर सांगते, पाहिलं. मग साहेबांकडं वळल्या आणि म्हणाल्या, "मीच, साहेब. बसल्या बसल्या."

साहेबांनी माझ्या ताटातलं पाणी प्यायलं आणि पेला परत माझ्याच ताटात ठेवला.

घरी आई पीठ मळत होती. तिला मी सकाळीच सांगून ठेवलेलं, आज साहेब येणार, माझं चित्र बघणार. तिनं मान न वळवता विचारलं, "काय म्हणले गं सायब?"

"चांगलं म्हणले."

"तुला?"

"वहीला."

आई मळत राहिली. मी जीभ घासत बसले.

एवढीशी गोष्ट, असं लोक म्हणतात. माझा नवरासुद्धा म्हणतो. त्याला मी सांगते, तुझ्या रानातल्या कापसाची गाडी दुसऱ्याच्या नावानं मार्केटात जाऊ दे, मग आपण एवढीशी म्हणजे केवढी ते मोजू. तो बिचारा उठून बाहेर जातो.

शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळं पुढं बाई सुटल्या. मी मात्र तो जून सोडला नाही. आई-बापाबरोबर तोडीला गेले, परत आले, बाहेरून दहावी दिली, परभणीत टायपिंग शिकले, दुसऱ्याच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवल्या. जुना संगणक पदरात पाडून घेताना त्या दुकानदाराला एवढं बेजार केलं की त्यानं शेवटी खुर्चीही वर दिली. बोर्ड रंगवायची वेळ आली तेव्हा रंगारी म्हणाला, देवाचं नाव टाका ताई, गिऱ्हाईक येतं. मी म्हटलं, "भामा ग्राफिक्स. आणि भामा मोठं काढ, लांबून दिसलं पाहिजे."

लांबून दिसलं. काही वर्षांपूर्वीच्या एका जूनमध्ये दुकानासमोर छत्री थांबली. बाजाराचा दिवस होता, लाइट गेलेली, इन्व्हर्टर कण्हत होता. गर्दीतून एक बारकी, वाकलेली बाई पुढं आली.

"भामे, तूच का गं ही? बोर्डावर नाव वाचलं."

मी उठून उभी राहिले. पाय आपोआप उठतात, राग कितीही असू दे. "बसा, बाई."

लोमटे बाईंची ती शेवटची टाचणवही होती. दिवाळीनंतर निवृत्ती. "निरोपाच्या दिवशी वही टेबलावर ठेवणार आहेत. हात थरथरतो आता, म्हणून म्हटलं छापूनच घ्यावं. दरसाल काढते तेच काढून दे. माझं जोंधळ्याचं."

"तुमचं?"

"अगं, केंद्रातल्या सगळ्या शाळांना माहीत आहे. लोमटे बाईंचं कणीस म्हणतात."

मला वाटलं त्या मुद्दाम बोलतायत. नाही. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. इतक्या वर्षांत ते खरोखरच त्यांचं होऊन गेलं होतं. मी दात आवळून म्हणाले, "करते. खाली एक ओळ येईल. मुखपृष्ठ, सत्यभामा."

"वहीवर दुकानाची जाहिरात?"

"दुकानाचं नाव न्हाई. माझं."

"मागच्या बाजूला टाक."

"मागं न्हाई. पुढंच."

"आतल्या पानावर?"

"आतलं कोण बघतंय, बाई? तुमीच म्हणला होता, कोण बघतंय."

त्यांना ते आठवलं नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आपलंच पुढं रेटलं. "शेवटची वही आहे गं. वही माझी, आणि नाव तुझं?" मग म्हणाल्या, "कागद दे. तुला नीट कळायचं नाही, मी काढून दाखवते."

मला? मी कागद आणि पेन्सिल काउंटरवर आपटली. बघू तर खरं, म्हटलं.

आणि बाई काढायला लागल्या. हात थरथरत होता, पण रेघ ठाऊक असलेल्या वाटेनं चालली होती. बाक बरोबर जागी. दाणे खाली गच्च, टोकाला विरळ. पानाची कड मोकळी सोडलेली. मी बघत राहिले. माझा हात आता माउसचा. असं कणीस मला एका दमात जमलं नसतं.

"तू गेलीस," बाई मान खाली घालून म्हणाल्या, "आणि पुढल्या जूनला साहेब परत आले. म्हणाले, बाई, यंदाही तसंच काढलं असेल. काय करणार होते मी? तुझं चित्र समोर ठेवून मे महिनाभर गिरवलं होतं ते बरं झालं. मला साधा घोडा काढता येत नव्हता, भामे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची पेन्सिल शेवटच्या कणसापाशी आली. अर्धे दाणे काढले आणि थांबली.

"ते अर्धंच का सोडलं?"

"ते तसंच असतं. चिमण्यांचा वाटा तो." बाई पहिल्यांदा हसल्या. "दरवर्षी पोरं विचारतात. मी सांगते, सगळं आपणच भरून घ्यायचं नसतं, पाखरांसाठी थोडं राखायचं. जून लागला की माझा पहिला पाठ हाच असतो."

"बाई," मी म्हणाले, "पिवळा पेन वाळला होता."

त्यांनी कागदावरून मान वर केली.

"दुसरा मागितला, तुमी दिला न्हाई. जिभेला लावून लावून माझी जीभ पिवळी झाली. आणि चिमण्यांचं काय सांगता? दिवसभर डबा बडवून हाकलायचे मी त्यांना. एक दाणा खाल्ला तर मालक शिव्या द्यायचा."

इन्व्हर्टर कण्हत होता. मागं उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "ताई, माझ्या सातबाऱ्याची झेरॉक्स..." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बियाणाच्या दुकानात गेला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "मग आता काय करायचं?"

मला तेच पाहिजे होतं. सौदा. "दोन रस्ते हायत. कणीस पूर्ण भरून देते, खाली नाव टाकत न्हाई. ते मग तुमचं. न्हाईतर अर्धं ठेवते, पण नाव येईल."

मला खात्री होती त्या भरून घेतील. पूर्ण चित्र, वर नाव फक्त त्यांचं, निरोपाच्या टेबलावर शोभणारं. कोणीही तेच घेतलं असतं. बाई त्या अर्ध्या कणसावरून अंगठा फिरवत बसल्या. पेन्सिलीचा काळा त्यांच्या अंगठ्याला लागला.

"अर्धंच ठेव," त्या म्हणाल्या. "नाव टाक."

मग छत्री उचलली, दाराशी गेल्या, वळल्या. "बारीक टाक पण."

अशी चीड आली म्हणून सांगू! पण शब्द दिला होता. ओळ बारीक टाकली.

दिवाळीनंतर निरोपाला मी गेले. मुखपृष्ठाची एक जादा प्रत पोचवायचं निमित्त होतं. टेबलावर नारळ, शाल आणि मधोमध माझं मुखपृष्ठ. मुख्याध्यापकांनी वही उचलून सगळ्यांना दाखवली. "लोमटे बाईंचं कणीस!" टाळ्या. बाई मधेच म्हणाल्या, "सर, खालची ओळ वाचा." सरांनी वही लांब धरली, जवळ आणली, डोळे बारीक केले. "छापखान्याचं नाव दिसतंय."

"छापखान्याचं नाही. ती बसलीय ना तिकडं, ती भामा. कणीस तिचं आहे. चौथीत असताना काढलेलं. मी आयुष्यभर उतरवलं."

एवढ्या वर्षांनी, भरल्या सभेत, खणखणीत आवाजात. आणि तेवढ्यात मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, "म्हणजे बाई, तुमचीच विद्यार्थिनी! शेवटी श्रेय तुमचंच." पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या. बाई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, नाही, नाही म्हणत होत्या. कुणाला ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, केवढा विनय.

आता हा राग मी कुणावर काढू? बाईंवर काढावा तर त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापकांवर काढावा तर ते गोड माणूस. त्या वहीचे फोटो त्याच दिवशी फोनवरून फिरले, दर जूनला फिरतात, आणि दरवेळी कुणाच्या तरी अंगठ्यानं ती खालची ओळ कापलेली असते. बारीक ओळ कापायला सोपी जाते.

फाइल सापडली. मी नव्या सरांकडं स्क्रीन वळवली. त्यांचं नाव मधे घातलं, इयत्ता घातली. आणि तोच सौदा पुढं ठेवला. "सर, हे शेवटचं कणीस अर्धं हाय. भरून पाहिजे का? भरून घेतलं तर ते माझं न्हाई, खाली नाव टाकत न्हाई."

सर खुर्चीतून उठलेच. "न्हाई न्हाई ताई, ते भरू नका! तुमाला मालूम न्हाई का? चिमण्यांचा वाटा असतो तो. पोरांना तेच तर सांगायचंय मला. त्याच्यासाठीच हे निवडलं."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"सगळ्यांला माहीत हाय की."

सगळ्यांना माहीत आहे. बाईंचं नाव गळलं, माझं कापलं गेलं, आणि एक वाळका पेन तेवढा सगळ्या तालुक्यात पाखरांना दाणे वाटत फिरतोय. घशापर्यंत आलं होतं, पेन वाळला होता सर, पेन! पण ते इतक्या भरवशानं स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या जागेकडं बघत होते की मी घोट गिळला. गिळताना जिभेवर त्या पिवळ्या पेनाची कडू-गोड चव आली.

"बरं," मी म्हणाले. "अर्धंच ठेवते. मग नाव येईल."

सरांनी थोडा विचार केला. घासाघीस करावी असं त्यांच्या तोंडावर दिसलं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी बेत बदलला.

"टाका मग. पण ताई, बारीक टाका."

"टाकते," मी म्हणाले, आणि ओळ उचलून वर, झालरीतल्या कणसांच्या मधोमध नेली. जिथून कापायचं म्हटलं तर कणसं कापावी लागतील.